विंडोज १० नंतरचा जुना गेमिंग पीसी : काय टिकेल, काय बदलावं, कशाच्या नादी लागू नये

खटपट्या
१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अपडेट थांबवले. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षं चालली. तेव्हापासून लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, सल्ला एकच मिळतो : "हे आता चालणार नाही, नवीन घ्या." हा सल्ला सरसकट खरा नाही, म्हणून हा धागा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना मशीन धरू, २०१७-१८ च्या सुमारास भरपूर विकलं गेलेलं. आय-५ ७४००, बी२५० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, २४० जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क. यावर विंडोज ११ चढतं का, नाही तर काय, गेम कोणते चालतील आणि पैसे घालायचेच तर कशात? माहीतगारांनी लिहा. "लिनक्स टाका" एवढंच लिहून पळू नका, पुढच्या पायऱ्याही द्या.

बोर्डवाला
चांगला विषय. आधी एक गैरसमज काढू. या मशीनमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारा सुरक्षा-घटक) नाही असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. सातव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएम २.० फर्मवेअरमध्येच असतो, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद ठेवलेला. गिगाबाइटच्या बोर्डावर पेरिफेरल्समध्ये 'इंटेल पीटीटी' (टीपीएमचं इंटेलकडचं नाव) शोधा, आसुसवर ॲडव्हान्स्डखाली पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनमध्ये. वेगळं टीपीएम कार्ड विकत घेण्याची काही गरज नाही.

मशीन अडतं ते प्रोसेसरच्या यादीवर. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते (सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, आय-५ ७४०० त्यात नाही). आता कोणी म्हणेल, मग आय-३ ८१०० टाका, सॉकेट तर ११५१ च आहे. बसेल, पण चालू होणार नाही. आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो, पिनांची मांडणीही बदललेली आहे. म्हणजे बी२५० वाल्यांना प्रोसेसर बदलून वाट नाही.

एएमडीवाल्यांचं नशीब चांगलं. ए३२० किंवा बी३५० बोर्ड आणि रायझन १००० असेल तर त्याच सॉकेटमध्ये रायझन ५ ५५०० किंवा ५६०० बसतो. क्रम मात्र पाळा : आधी जुना प्रोसेसर असतानाच बोर्ड कंपनीच्या साइटवरून ५००० मालिका ओळखणारा बायोस चढवा, मग प्रोसेसर बदला. उलट केलंत तर पडदा काळा राहील आणि बायोस चढवण्यासाठी जुना प्रोसेसर परत बसवावा लागेल. दुसरी काळजी : बायोस अपडेटनंतर एएमडीचा फर्मवेअर टीपीएम पुसला जातो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती आधी कागदावर उतरवून घ्या किंवा बिटलॉकर 'सस्पेंड' करा, मगच बायोसला हात लावा.

मध्यरात्र
रूफस या फुकट साधनाने पेनड्राइव्ह बनवून तपासणी वगळली की विंडोज ११ बसतंच की राव. एवढं काय?

बोर्डवाला
बसतं. पण दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा मशीनला विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही. होम आणि प्रोची प्रत्येक आवृत्ती २४ महिने सांभाळली जाते, म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी आयएसओ (विंडोजची पूर्ण फाइल) उतरवून हाताने चढवणं आलं. ज्याला हे जमतं त्याने खुशाल करावं. आईवडिलांच्या किंवा शेजाऱ्यांच्या मशीनवर असं करून देऊ नये, कारण दोन वर्षांनी ते मशीन पुन्हा बिनअपडेटचं होईल आणि त्यांना कळणारही नाही.

आणि कोअर आय मालिकेच्याही मागे गेलात तर आणखी एक मेख आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना यायलाच लागतात. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड तिथेच संपतात, रूफसने काहीही वगळलं तरी.

अनुस्वार
बाकी काही ठरवायच्या आधी आजच्या आज करायची गोष्ट म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट, ईएसयू. घरगुती मशीनसाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि फुकट मिळू शकतं, तरी कितीतरी जणांनी घेतलेलं नाही.

सेटिंग्जमध्ये अपडेट ॲन्ड सिक्युरिटी, मग विंडोज अपडेट. उजव्या बाजूला किंवा अपडेटच्या बटणाखाली 'एन्रोल नाऊ' दिसेल. पुढे तीन पर्याय येतात : सेटिंग्जचा बॅकअप चालू करा (फुकट), रिवॉर्ड्सचे १००० गुण द्या, किंवा ३० डॉलरच्या आसपास एकदाच भरा. एका मायक्रोसॉफ्ट खात्यावर दहा मशीन चालतात, त्यामुळे घरातल्या सगळ्या डब्यांना एकच खातं पुरतं.

दुवा दिसत नसेल तर बहुधा यांपैकी एक कारण असतं. मशीन विंडोज १० च्या शेवटच्या २२एच२ आवृत्तीवर नाही. ऑगस्ट २०२५ चं अपडेट गेलेलं नाही (नोंदणीची खिडकी उघडताच बंद पडायची ती चूक त्यात दुरुस्त झाली). खातं ॲडमिन नाही किंवा मुलांचं आहे. किंवा मशीन ऑफिसच्या डोमेनला जोडलेलं आहे.

बॅकअपचा पर्याय घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांच्या खुणा काढून टाका. फुकट वनड्राइव्ह ५ जीबीच असतं. फोटो चढायला लागले की ते भरतं आणि मग "जागा विकत घ्या" चा ससेमिरा सुरू होतो. नोंदणीला फक्त सेटिंग्ज पुरतात.

ईएसयूमध्ये फक्त महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या येतात. नवीन सोयी नाहीत, मायक्रोसॉफ्टची मदतही नाही. एका वर्षाची मुदत म्हणून बघा.

सह्यवेडा
माहितीपूर्ण प्रतिसाद, ताई. वाचनखूण साठवली.

मध्यरात्र
आता गेमचं बोलू. बॅटलफील्ड ६ (१० ऑक्टोबर २०२५) आणि पुढच्या महिन्यात आलेला ब्लॅक ऑप्स ७, दोन्ही पीसीवर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) मागतात. इथे एक गल्लत होते : हे गेम सिक्युअर बूट मागतात, विंडोज ११ मागत नाहीत. विंडोज १० वरही ते चालू करता येतं. व्हॅलरंट विंडोज ११ वर दोन्ही गोष्टी मागतो, विंडोज १० वर सहसा एवढा आग्रह धरत नाही.

पण नमुना मशीनवर बॅटलफील्ड ६ चा नाद सोडा. किमान अट आय-५ ८४००, आरटीएक्स २०६० आणि १६ जीबी रॅमची आहे. १०५० टीआयवाल्याने सिक्युअर बूटची खटपट फक्त त्या गेमसाठी करू नये. ज्यांच्याकडे जुना बोर्ड पण नवं कार्ड आहे त्यांनी जरूर करावी.

खटपट्या
ती खटपट नीट लिहा की. "इनेबल्ड केलं तरी गेम नाही म्हणतो", अशी तक्रार सगळीकडे दिसते.

बोर्डवाला
लिहितो सविस्तर, कारण इथेच लोक विंडोज गमावून बसतात.

विंडोज आणि आर दाबा, 'एमएसइन्फो३२' चालवा. 'बायोस मोड' समोर यूईएफआय (नवी पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते बघा. यूईएफआय असेल तर काम दहा मिनिटांचं. लेगसी असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे, ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागेल. डिस्क न बदलता बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलंत तर विंडोज सापडणार नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की येतं.

डिस्क बदलायला विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी ही आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून आधी 'व्हॅलिडेट', ते यशस्वी झालं तरच 'कन्व्हर्ट', आणि चालू विंडोजमधून करताना दोन्ही वेळा 'अलाउ-फुल-ओएस' जोडायचं. डेटा जात नाही, तरी बॅकअप घ्या, वीज गेली तर काही खरं नाही. यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळी हे काम काढू नका.

व्हॅलिडेट फसण्याची कारणं दोनच वारंवार दिसतात. एक, डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन आहेत किंवा एखादं लॉजिकल आहे. हे साधन तीनपर्यंत प्रायमरी चालवून घेतं, लॉजिकल अजिबात नाही. दुसरं कारण एसएसडी नंतर बसवलेल्या मशीनमध्ये हमखास असतं : विंडोज एसएसडीवर, पण बूटच्या फायली जुन्या हार्ड डिस्कवर. डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि 'सिस्टीम' हा शब्द कोणत्या डिस्कच्या पार्टिशनवर आहे ते बघा. हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवरचं पार्टिशन ॲक्टिव्ह करून 'बीसीडीबूट' ने बूटच्या फायली तिथे आणा, हार्ड डिस्कची साटा केबल काढा, मशीन एकट्या एसएसडीवर उठतं का बघा. उठलं की मग रूपांतर.

रूपांतर झालं की थेट बायोसमध्ये जा. सीएसएम बंद. बूटच्या यादीत पहिलं 'विंडोज बूट मॅनेजर'. सेव्ह करून एकदा विंडोज उठू द्या. मग परत बायोसमध्ये येऊन पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू.

आणि आता खटपट्यांच्या प्रश्नाचं उत्तर. गिगाबाइटवर 'इनेबल्ड' च्या खाली बारीक अक्षरांत 'नॉट ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. सिक्युअर बूट चालू आहे, पण त्याच्याकडे चाव्याच भरलेल्या नाहीत. मोड 'कस्टम' वर न्या, 'रिस्टोर फॅक्टरी कीज' करा, मग 'स्टँडर्ड' वर परत आणा. आसुसवर 'ओएस टाइप' हे 'अदर ओएस' असेल तर ते 'विंडोज यूईएफआय मोड' करा. शेवटी एमएसइन्फो३२ मध्ये 'सिक्युअर बूट स्टेट : ऑन' दिसलं पाहिजे. गेम तेच बघतो, बायोसमधला शब्द नाही.

सह्यवेडा
सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा झाला तर? बीप वाजतात आणि काही दिसत नाही.

बोर्डवाला
ग्राफिक कार्ड जुनं आहे. जीटीएक्स ६०० च्या काळातल्या बऱ्याच कार्डांच्या बायोसमध्ये यूईएफआयचा भागच नसतो, त्यामुळे सीएसएमशिवाय ती चित्र देत नाहीत. मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बघा. तरी नाही आलं तर वीज काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, सगळं मूळ स्थितीत येईल. १०५० टीआयला हा त्रास नाही.

याच हाताला सीआर२०३२ सेलही बदला. सात-आठ वर्षांच्या बोर्डावर तो मेलेला असतो. मेन स्विच बंद केला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, सिक्युअर बूट बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा नकार देतो. लोक मग विंडोज नव्याने टाकत बसतात. सेल स्वस्तात मिळतो.

अनुस्वार
सिक्युअर बूटबद्दल एक बातमी सुटू नये. त्यामागची मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होतात, विंडोजच्या बूटलोडरवर सही करणारं ऑक्टोबर २०२६ मध्ये. नवीन, २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधूनच येतात. ईएसयू न घेतलेल्या विंडोज १० ला ती मिळत नाहीत. मशीन चालू राहील, पण बूटशी संबंधित पुढच्या दुरुस्त्या त्याला घेता येणार नाहीत. ईएसयूचं हेही एक कारण.

मध्यरात्र
अवांतर : १०५० टीआयवाल्यांसाठी. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेचे नियमित गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. ५८० ही त्यांची शेवटची शाखा. सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला येतील. जुन्या गेमना काही होत नाही. नव्या गेममध्ये चित्र फाटलं किंवा सावल्या चमकल्या तर त्या कार्डासाठी कोणी दुरुस्ती करणार नाही, एवढं गृहीत धरा.

अनुस्वार
हे अवांतर नाही, लिनक्सवर याचाच सगळ्यात मोठा संबंध येतो. पास्कल चिपच्या, म्हणजे जीटीएक्स १००० मालिकेच्या कार्डाला ५८० च ड्रायव्हर हवा. आर्च या लिनक्स वितरणाने डिसेंबर २०२५ मध्ये मुख्य पॅकेज ५९० वर नेलं आणि त्यात ही कार्डं नाहीत. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने या मशीनवर आर्च किंवा त्यावर आधारलेली वितरणं टाळावीत. लिनक्स मिंट २२ घ्या, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ५८० निवडा.

सिक्युअर बूट चालू ठेवून ड्रायव्हर टाकलात तर मधे एक पासवर्ड मागतो. तो लक्षात ठेवा. रीबूट झाल्यावर निळा पडदा येतो, तिथे 'एन्रोल मॉक' निवडायचं, 'कंटिन्यू', 'येस' आणि तोच पासवर्ड. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चुकला की ड्रायव्हर चढलेला असूनही लोड होत नाही, रिझोल्युशन घसरतं आणि लोक लिनक्सला नावं ठेवतात.

पुढचा खड्डा गेमच्या जागेचा. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचे गेम स्टीममधून थेट चालवायला जाऊ नका. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं साधन) स्वतःच्या फोल्डरात कोलन असलेल्या नावाचे दुवे बनवतं, विंडोजला ते नाव चालत नाही आणि डिस्क तपासणीत ते उडतात. शिवाय विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ती डिस्क लिनक्सला फक्त वाचण्यापुरती मिळते, गेम अपडेट होत नाही. हार्ड डिस्कवर ३००-४०० जीबीचं लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचं पार्टिशन करा आणि स्टीमची लायब्ररी तिथे ठेवा.

गेमचं म्हणाल तर काउंटर स्ट्राइक २, डोटा २ आणि स्टारड्यू व्हॅली लिनक्सवर थेट चालतात. एल्डन रिंग, विचर ३ प्रोटॉनवर व्यवस्थित. डायरेक्टएक्स १२ चे जड गेम पास्कलवर विंडोजपेक्षा हळू चालतात, सेटिंगमध्ये ११ चा पर्याय असेल तर तोच घ्या. कार्ड जीटीएक्स ६०० मालिकेचं किंवा केप्लर चिपचं ७०० मालिकेचं असेल तर त्याचा ड्रायव्हर व्हल्कन १.३ (ग्राफिक कार्डाशी बोलण्याची पद्धत) देत नाही आणि आजच्या प्रोटॉनला ते लागतं. अशा मशीनवर गेमिंगसाठी लिनक्स सुचवू नये.

मध्यरात्र
आणि न चालणारेही स्पष्ट लिहायला हवेत. व्हॅलरंट, फोर्टनाइट, पबजी, डेस्टिनी २, बॅटलफील्ड ६ नाहीत. एपेक्स ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद झाला. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर गेलं, एकट्याने खेळायची कथा चालते. यातल्या बहुतेकांची अडचण तांत्रिक नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, गेम बनवणाऱ्याने परवानगी द्यावी लागते. ती ते देत नाहीत, आणि खेळाडूंच्या बाजूने बघता हे अन्यायाचं आहे. मित्रांची टोळी यातलं काही खेळत असेल तर विंडोज १० अधिक ईएसयूवरच राहा.

पैलतीर
इथे युरोपात हा विषय गेमच्या पलीकडे गेला आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली मेल व्यवस्था मायक्रोसॉफ्टवरून ओपन-एक्सचेंजवर नेली, कार्यालयांत लिब्रेऑफिस आणलं. भारतातही जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जीच्या सेवा युरोपच्या निर्बंधांच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने थांबवल्या होत्या, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या सुरू झाल्या. महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांमध्ये सातव्या पिढीची मशीन आहेत, ती लिलावात काढण्याआधी हा विचार व्हायला हवा.

खटपट्या
सहमत, पण धागा घरच्या मशीनवर ठेवू. पैसे घालायचे तर कशात?

बोर्डवाला
दुसरी ८ जीबीची पट्टी, बाकी काही नाही. एकाच पट्टीमुळे मेमरी सिंगल चॅनेलवर चालते आणि ८ जीबी आता ब्राउझर, डिस्कॉर्ड, गेम या तिघांना पुरत नाही. बी२५० वर रॅम २४०० लाच धावते, ३२०० ची पट्टी घेतलीत तरी. जास्त पैसे देऊ नका.

भाव मात्र चढलेले आहेत. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटर. त्यांच्या एचबीएम मेमरीला तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर (चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या) लागतात. ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर महिन्याला ९ लाख वेफरचं उद्दिष्ट जाहीर केलं. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं ठरवलं. म्हणून जुनी पट्टी घेणं शहाणपणाचं, पण स्टिकर वाचून. 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडीआयएमएम' लिहिलेली सर्व्हरची पट्टी स्वस्त दिसते, खाचेत बसते, बी२५० वर चालत नाही. घेतली की मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे करा. एक जरी चूक लाल दिसली तर परत द्या. पण परत देण्याआधी दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसून, जागा बदलून पुन्हा बघा, कधी कधी दोष खाचेतल्या धुळीचा असतो.

हिशेबनीस
याच मशीनवर टॅली आणि जीएसटीची डिजिटल सहीची टोकन चालवायची असेल तर? शिवाय जुन्या श्रीलिपीतल्या मराठी फायली आहेत.

अनुस्वार
मग पूर्ण लिनक्सवर जाऊ नका. टॅली आणि श्रीलिपी दोन्हींना विंडोज हवं. ईएसयू घेऊन विंडोज १० कामासाठी ठेवा, त्यावर गेम आणि इकडून तिकडून उतरवलेलं काही नको. लिनक्स वेगळ्या एसएसडीवर टाका, १२० जीबीची पुरते. बसवताना विंडोजच्या एसएसडीची केबल काढून ठेवा, म्हणजे बूटलोडर एकमेकांच्या डिस्कवर जाणार नाहीत. नंतर केबल जोडा आणि सुरू होताना एफ१२ किंवा एफ८ ने डिस्क निवडा.

मराठी टंकलेखनासाठी लिनक्समध्ये आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. मराठीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक आहेतच, गमभनची मांडणीही त्यात आहे. श्रीलिपीतला मजकूर जायच्या आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्या, नंतर शोधाशोध नको. रूपांतरानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हटकून चुकीच्या अक्षरावर जातात, तेवढं डोळ्यांखालून घाला.

हिशेबनीस
दोन डिस्क केल्यावर दोन्हीकडची घड्याळं साडेपाच तासांनी चुकतात असं वाचलं. परताव्याच्या सहीला वेळ बरोबर लागते.

अनुस्वार
हो, चुकतात. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेट-सीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा एकदा द्या, लिनक्सही विंडोजसारखी स्थानिक वेळ वापरेल. भारतात उन्हाळ्याची वेगळी वेळ नसल्याने याचा पुढे त्रास होत नाही. मग विंडोजमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' दाबा आणि सही करण्यापूर्वी घड्याळ एकदा बघा.